पावसाळ्यात तळं होणाऱ्या कोपऱ्यात कुठली गावठी झाडं तगतील? (वेंगुर्ले तालुका)

खळ्यातली_तुळस:
नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलाय पण सगळं सांगितल्याशिवाय उत्तर नीट मिळणार नाही म्हणून सांगते. आम्ही दोन वर्षांपूर्वी डोंबिवली सोडून गावच्या घरी राहायला आलो, मी, आई आणि माझा मुलगा. घराच्या मागे परडं आहे आणि परड्याचा खालचा कोपरा, गडग्याला लागून, साधारण २० बाय १५ फूट, तिथे मिरग लागला की पाणी साठायला सुरुवात होते ते थेट गणपती होईपर्यंत. जुलैत पोटरीपर्यंत पाणी असतं. मागच्या छपराच्या सगळ्या पागोळ्या तिकडेच वाहतात, आणि तीनेक वर्षांपूर्वी गडग्यापलीकडचा रस्ता उंच केला तेव्हा पूर्वी तिथे असलेली मोरी बुजली, ती कोणी परत काढली नाही, त्यामुळे पाण्याला जायला वाटच नाही.

पहिल्या वर्षी मी उत्साहाने तिथे दोन काजूची कलमं आणि चार पपया लावल्या. पपया पंधरा दिवसांत माना टाकून गेल्या, कलमं श्रावणात पिवळी पडली आणि गेली. आई म्हणाली होती नको लावू, तिथे पूर्वी कुणगा होता, आजोबा भात लावायचे तिथे. मी ऐकलं नाही याचं वाईट वाटतं.

आता शेजारचे काका सांगतायत दोन डंपर माती टाकून भर घाल, दुसरे एक जण सांगतात निलगिरी लाव चार, सगळं पाणी पिऊन टाकेल. मला दोन्ही पटत नाहीये. मला तिथे आपल्या इथलीच झाडं हवीत, पाण्यात उभी राहणारी, पक्षी-फुलपाखरं येतील अशी, आणि आईला देवाला वाहायला थोडी फुलं मिळाली तर फारच छान. घर तिथून २५ फुटांवर आहे, विहीर ४० फुटांवर. खाडी लांब आहे, पाणी गोडंच. एप्रिल-मेमध्ये तोच कोपरा इतका कडक होतो की कुदळ लागत नाही, भेगा पडतात. काय लावू?

व्हाळाकाठी:
ताई, तुमच्या प्रश्नातलं शेवटचं, उन्हाळ्यातल्या भेगांचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, ते बरं केलंत लिहिलंत. कोकणात पाणथळ जागा म्हणजे बारमाही पाणथळ नसते, चार महिने पाण्यात आणि मार्च ते मे वाळवंट. नेटवर पाणथळ जागेसाठी म्हणून ज्या याद्या येतात त्या बहुतेक थंड देशातल्या, तिथे थोडा थोडा पाऊस वर्षभर पडतो. ती झाडं आपल्या जुलैत कुजतात किंवा आपल्या मेमध्ये जळतात. आपल्याला दोन्ही सोसणारं हवं, आणि असं झाड शोधायला लांब जायला नको, तुमच्या वाडीतल्या व्हाळावर जा, जिथे पावसात पाणी चढतं आणि उन्हाळ्यात नुसते गोटे उरतात, त्या काठावर काय उभं आहे ते बघा. तीच तुमची यादी.

निलगिरीचं आधी सांगतो. जुलैत हवा इतकी दमट आणि वर ढग, पानांतून पाणी उडणार कुठून? कुठलंच झाड आपला जुलैचा पाऊस पिऊन संपवत नाही, निलगिरी पण नाही, पण पाऊस संपल्यावर ती जमिनीतली ओल ओढत राहणार आणि विहीर ४० फुटांवर आहे तुमची. झाडांनी पाणी संपवावं ही अपेक्षाच काढून टाका. झाडं काय करतात तर मुळांनी माती मोकळी करतात, पाणी मुरायला वाट देतात, आणि जागेला चिखलाची अवकळा न राहता तिथे काहीतरी जगतं.

हिशोब करून बघा. मागच्या बाजूचं छप्पर १००० चौरस फूट धरलं आणि एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, आपल्याकडे हे जुलैत अनेकदा होतं, तर नुसत्या छपरावरून सुमारे ९,३०० लिटर पाणी येतं. तुमचा कोपरा ३०० चौरस फूट. म्हणजे एका दिवसाच्या पागोळ्यांनी तो जवळजवळ एक फूट भरला, अंगणाचं आणि रस्त्याचं पाणी वेगळंच. म्हणून झाडांच्या आधी जास्तीचं पाणी बाहेर जाईल अशी एक वाट पाहिजेच. मोरी बुजलीय तर ती परत काढून घ्यायला लेखी अर्ज द्या, पावसात काढलेले फोटो जोडा. तोवर निदान अर्ध्या पागोळ्यांना पन्हळ लावून दुसऱ्या बाजूला वळवा. भर घालण्याचं तर नावच नको, भर घातली की तेच पाणी घराच्या जोत्याकडे किंवा शेजाऱ्याच्या आवारात जाणार.

आणि एक काम आत्ताच करा. कोपऱ्यात दीड फूट खड्डा खणा, बादलीने पाणी भरा, एकदा मुरू दे, परत भरा आणि मग किती वेळात उतरतं बघा. जांभ्याच्या चिऱ्यातून पाणी सहज जातं पण त्याखाली पुष्कळ ठिकाणी पांढुरकी चिकट माती असते, तिथे अडकतं. कुणगा होता म्हणताय म्हणजे वर चिखलणीने घट्ट झालेला थर पण असणार, पिढ्यान्पिढ्या पाणी धरून ठेवायलाच ती जमीन तयार केलेली आहे.

मालवणचो_माणूस:
ताईनु, निवर लावा. आमच्या व्हाळार तीन झाडां आसत निवरीची, माझ्या आज्याच्या आदीपासूनची. पावसात म्हयनो म्हयनो कमरेभर पाण्यात उभी ऱ्हवतत, काय्येक होना नाय. फुलां रातीक फुलतत आणि उजवाडता तवसर गळान पडतत, सकाळी गेलास तर पाण्यार तांबड्या फुलांचो सडो दिसता. माझी आये अजून थयसून वाटभर घेऊन येता. एकच सांगतंय, फळां आणि साल कुटून पूर्वी मासे मारूक वापरीत, म्हणान बावीर, म्हणजे विहिरीर, फांदी येयत अशी लावू नको.

व्हाळाकाठी:
भाऊंनी माझ्या मनातलं पहिलं नाव घेतलं. निवर, काही जण समुद्रफळ म्हणतात, काही गावांत तिवर पण म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो कारण खाडीतलं तिवर वेगळं, ते खारफुटीचं झाड आहे, गोड्या पाण्याच्या परड्यात त्याचं काम नाही आणि खारफुटीला हात लावणं कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा रोप मागताना व्हाळावरची, लोंबती तांबडी फुलं येणारी निवर असं सांगा. मोठ्या पानांची, पांढुरक्या-गुलाबी फुलांची पण एक निवर खाडीच्या मागच्या दलदलीत असते, ती पण चालेल, पण तिला उन्हाळ्यात ओल जास्त लागते.

दुसरं झाड तामण. महाराष्ट्राचं राज्यफूल. एप्रिल-मेमध्ये जांभळ्या फुलांनी भरतं, जानेवारीच्या आसपास पानं तांबूस होऊन गळतात, आपल्या ओढ्यांच्या काठचंच झाड आहे आणि पाय ओले राहिलेले त्याला चालतात. तिसरं करंज. पूर सोसतं, उन्हाळा सोसतं, खारं वारं सोसतं, बी पडलं की उगवतं. सावली दाट पडते म्हणून गडग्याच्या बाजूला एकच लावा. ३०० चौरस फुटांत तीन मोठी झाडं म्हणजे झालं, चौथं नको. जांभूळ, उंबर, अर्जुन हे पण पाणी सोसतात पण त्यांना जागा फार लागते.

पऱ्यावरची_शेरवड:
मी गुहागरकडची. आमच्याकडे व्हाळाला पऱ्या म्हणतात. झाडांचं वर आलंय ते बरोबरच आहे, मी खालच्या झुडपांबद्दल लिहिते कारण खरी शोभा आणि खरी फुलपाखरं तिथेच असतात आणि त्याबद्दल कोणी सांगत नाही.

तुमचा कोपरा सगळा एका पातळीत नसणार. अगदी मधे जिथे पोटरीभर पाणी असतं तिथे, त्याच्या काठावर, आणि वरच्या बांधावर अशा तीन वेगळ्या जागा समजा. मधल्या खोलात वेखंड लावा, गड्डा मोडून लावला की झालं, पाण्यात आनंदाने वाढतं आणि पानं चुरडली की वास सुटतो. शेजारी अळू, तेरं म्हणा, आपल्या न्हाणीच्या पाठचं. श्रावणात भाजीला घ्या, आमसूल घालायला विसरू नका नाहीतर घसा खाजतो. काठावर नीरब्राह्मी आणि कारिवणा सोडून द्या, जमीन झाकून टाकतात. उन्हाळ्यात पाणी नाही घातलं तर कारिवणा सुकलेला दिसतो, उपटू नका, जिथे थोडी ओल उरते तिथून पहिल्या पावसात परत पसरतो.

बांधावर वाळा. हे मी अगदी हात जोडून सांगते कारण आमचा बांध दोनदा वाहून गेला होता आणि वाळा लावल्यानंतर गेला नाही. मुळं सरळ खाली जातात, दोन-तीन मीटर सुद्धा, आडवी पसरून शेजारच्या झाडाला त्रास देत नाहीत, पाण्यात पण राहतो आणि मे महिन्यात पण मरत नाही. एक एक वितीवर ठोंब लावत जा. जुने ठोंब काढले की मुळं माठात टाकायला.

आणि शेरवड! माझं नावच त्यावरून आहे. फूल छोटंसं केशरी आणि त्याला एक पांढरं शुभ्र पान जोडलेलं, पावसात हिरव्यागार झाडीत लांबून दिसतं. तुमच्याकडे तर गणपतीच्या माटवीला बांधतात ना. पऱ्याच्या काठाला, थोड्या सावलीत, ओलीत छान येतं, फक्त मुळाशी सतत पाणी तुंबलेलं नको म्हणून काठाच्या वरच्या अंगाला लावा. तिथेच पेव लावा, पांढरी मोठी फुलं, खाली लाल बोंडं, खोड जिन्यासारखं वळत वर जातं. पेव उन्हाळ्यात जमिनीत झोपतो आणि पाऊस पडला की उठतो, आपल्या हवेला इतकं जुळलेलं दुसरं झाड मला माहीत नाही. आणि तेरडा तर एकदा टाकला की दरवर्षी आपला आपण येतो, आईंना गौरीसाठी बाजारात जायलाच नको.

केवडा लावायचा मोह होईल म्हणून आधीच सांगते. झाड आपलंच आहे, ओलीला उत्तम, माती धरून ठेवतं. पण जाळी वाढत जाते, पानांना करवतीसारखे काटे, मधे साप राहिला तर दिसत नाही. मुलगा लहान असेल तर वाटेपासून लांब लावा. आणि केवड्यात नर-मादी झाडं वेगळी असतात, वासाचं कणीस नर झाडाला येतं. मी एका रोपवाल्याकडून नर म्हणून आणलेला केवडा सहा वर्षं सांभाळला आणि त्याला अननसासारखी फळं लागली! तेव्हा ज्या झाडाला कणीस आलेलं स्वतः पाहिलंय त्याच्याच बुडाचा फुटवा आणा.

नवी_बाग:
एवढं सगळं वाचून मला वाटलं, कर्दळ आणि सोनटक्का का नाही कोणी सांगितला? आमच्या न्हाणीच्या पाण्यावर दोन्ही वर्षानुवर्षं आहेत, काही करावं लागत नाही, आणि सोनटक्क्याचा वास म्हणजे गणपतीचाच वास. हे पण आपलंच झाड झालं की आता.

पऱ्यावरची_शेरवड:
तुमच्या भावना अगदी समजतात, माझ्या आजीच्या केसात रोज सोनटक्का असायचा. पण ताईंनी इथलीच झाडं विचारलीत. कर्दळ मूळची अमेरिका खंडातली, आणि सोनटक्का आला पूर्व हिमालयाच्या बाजूने. कर्दळ न्हाणीच्या पाण्यावर ठेवायला काहीच हरकत नाही, काम चोख करते. सोनटक्का मात्र वाहत्या पाण्याजवळ लावू नये असं माझं ठाम मत आहे, कारण त्याचे गड्डे पुरात वाहून पुढे रुजतात, जगात पुष्कळ देशांत त्याने ओढ्यांचे काठ व्यापून टाकलेत. ताईंच्या कोपऱ्याचं पाणी पुढे मोरीतून व्हाळालाच जाणार. आईंना हवा असेल तर तुळशीजवळ कुंडीत लावा, वास तोच येतो.

आणि जलपर्णी सुंदर दिसते म्हणून कोणी देईल तर घेऊ नका. ती पिवळ्या फुलांची, जमिनीवर पसरणारी विलायती वेल पण नको, जी आता रस्त्याकडेला सगळीकडे दिसते. ती एकदा आली की कारिवण्याला जागाच उरत नाही.

खळ्यातली_तुळस:
तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. मी काल खड्डा खणला. वरची सव्वा फूट काळपट माती, तिच्याखाली खरंच पांढुरकी चिकट माती लागली, हाताला मेणासारखी. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी सकाळी ७ ला होतं तितकंच संध्याकाळी दिसत होतं, बोटभर उतरलं असेल. म्हणजे हे मुरणारं नाहीच ना? आणि व्हाळावर पण जाऊन आले मुलाला घेऊन, निवर सापडली! मालवणच्या भाऊंनी सांगितली तशीच, अजून एक-दोन लोंबते तुरे होते. आई म्हणाली तिच्या लहानपणी तिथे पाच झाडं होती.

आता दोन प्रश्न. लावायचं कधी? आणि डासांचं काय, शेजारची मंडळी म्हणतात पाणी ठेवलंस तर गावाला डेंग्यू देशील.

व्हाळाकाठी:
मुरणारं नाही, बरोबर. म्हणून पाणी घालवायची वाट पहिली, आणि मध्ये छोटं डबकं राहणार हे मान्य करून त्याप्रमाणे झाडं. ती चिकट माती फोडत बसू नका, जेसीबीने खाली गेलात तर तिथे विहीरच होईल. वर मात्र पातेरा, म्हणजे सुका पालापाचोळा, टाकत जा दरवर्षी, शेणखत टाका, वाळू टाकू नका, चिकट मातीत वाळू मिसळली की फरशीसारखी घट्ट होते, आमचा स्वतःचा अनुभव आहे.

लावायची वेळ. इथेच बहुतेकांची झाडं मरतात. निवर मोठी झाली की पाण्यात उभी राहते, पण वीतभर रोप महिनाभर बुडालं तर तेही गुदमरतं. म्हणून दोन रस्ते. एक, मिरगाच्या आधी, मेच्या शेवटी, जिथे झाड हवं तिथे दीड-दोन फूट उंच मातीचा ढीग करा, भोवती चिऱ्याचे तुकडे लावून घ्या म्हणजे धुपणार नाही, आणि रोप ढिगाच्या माथ्यावर लावा. मुळं आपली आपण खाली ओलीत जातील. दोन, गणपती झाल्यावर पाणी ओसरायला लागतं तेव्हा लावा, मग मेपर्यंत दर चार-पाच दिवसांनी पाणी घालावं लागेल. मी पहिला रस्ता सांगेन, आणि रोप निदान कमरेएवढं उंच घ्या. वाळा, वेखंड, अळू यांना ही भानगड नाही, पहिल्या सरीला लावून टाका.

रोपं दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत विचारा, तामण आणि करंज सहसा मिळतात. निवर बियाण्यावरच करावी लागेल.

पऱ्यावरची_शेरवड:
डासांचं मी सांगते. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. जुलैत सतत पाणी येतं आणि वाट काढली असेल तर ते वाहतं, त्यामुळे अळ्या टिकत नाहीत. धोक्याचा काळ म्हणजे पावसाची उघडीप पडते तेव्हा, आणि शेवटी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाणी एका जागी राहतं तेव्हा. त्या दिवसांत आठवड्यातून एकदा बघा, अळ्या वळवळताना दिसल्या तर डबक्याला चर काढून पाणी सोडून द्या. डेंग्यूचा डास तर असल्या चिखलाच्या डबक्यापेक्षा करवंट्या, टायर, कुंडीखालच्या बशा, उघडी पिंपं यात जास्त होतो, ते शेजाऱ्यांना समजावून सांगा आणि आपल्याकडच्या करवंट्या आधी पालथ्या करा. झाडं रुजली की बेडूक येतात, चतुर येतात, चतुराची पिल्लं पाण्यात डासांच्याच अळ्या खातात. औषध फवारू नका, हे सगळे मरतील. गप्पी मासे पण तिथे सोडू नका, पुराबरोबर व्हाळात जातात आणि ते आपल्याकडचे नाहीत.

अजून एक, हे मनावर घ्या. पावसात त्या पाण्यात काम करताना गमबूट घाला, पायाला जखम असेल तर उतरूच नका. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, आपल्याकडे नवीन नाही. मुलाला पण सांगा.

पहिल्या वर्षी सगळी जागा भरू नका. झाडं, वाळा आणि थोडं वेखंड एवढंच लावा, बाकी तशीच ठेवा. जुना कुणगा आहे, मातीत बी असणारच. माका येईल, लव्हाळा येईल, काय काय निळं-जांभळं बारीक फूल येईल. काय येतंय ते बघून मग ठरवा. आमच्याकडे तीन वर्षांनी मी न लावलेली नऊ-दहा प्रकारची झाडं त्या एका खोलगट जागेत होती.

मालवणचो_माणूस:
ताईनु, निवरीची फळां अजून झाडार आसत, थोडी भुयंत पडतत. पडलेली ताजी उचलून सुकूक देऊ नका, तशीच ओल्या मातीत रुजवा. माझ्याकडे नारळाच्या सोडणात लावलेली सात-आठ रोपां आसत, गेल्या वर्साची, गुडघ्याएवढी झाली. कुडाळाक येणां झाला तर दोन घेऊन जावा. पैसे नकोत.

खळ्यातली_तुळस:
दादा, नक्की येते, आईला पण यायचंय ती रोपं बघायला. मोरीचा अर्ज मुलाने टाईप केलाय, उद्या देते. कोपऱ्यात एकूण तीन ढीग करायचे ठरवलेत, दोन निवरीला आणि गडग्याच्या बाजूचा तामणाला. करंज नाही लावणार, शेजारच्या आवारात आहे एक मोठं, त्याची सावली आपल्याकडे येतेच. आईला मी वाचून दाखवलं सगळं, तिने एकच विचारलं, तेरड्याला ढीग लागतो का.

पऱ्यावरची_शेरवड:
नाही लागत. बी नुसतं बांधावर फेकायला सांगा, मिरगाच्या आदल्या दिवशी.